लुगड्यातलं पाणी

देवकाबाई पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आल्या त्या दाढ दाखवायला. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता आणि पदराचा बोळा त्यांनी गालावर घट्ट दाबून धरला होता. भंडाऱ्यात माझा दातांचा दवाखाना तेव्हा नवाच होता. मी नाशिककडची, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेली. बाहेरच्या खोलीत बसलेल्या पेशंटांची भीती थोडी कमी व्हावी म्हणून मी तिथे तीन फुटांची काचेची पेटी ठेवली होती. निळे खडे, एक प्लास्टिकचा किल्ला आणि सहा गोल्डफिश. सहा म्हणजे आणले तेव्हा सहा होते, त्या दिवशी चार उरले होते. त्यातलाही एक किल्ल्याच्या दारात तिरका होऊन पडल्यासारखा तरंगत होता.

नंबर पुकारला तरी बाई आत येईनात, म्हणून मीच बाहेर आले. त्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. गाल विसरून गेल्या होत्या.

"मावशी, चला. तुमचा नंबर आला."

"माहा नंबर मांगून घ्या, डाक्टरबाई. पयले याइचा हाय." त्यांनी काचेकडे बोट केलं. "पानी कोठचं टाकता यात?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं, "मशीनचं. एकदम शुद्ध. मी स्वतः पिते तेच."

"निव्वळ मशीनचंच?"

"हो. थेंबभरही दुसरं नाही."

"तेच तं!" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "शुद्ध हाय म्हनूनच मरून रायल्या बिचाऱ्या. त्या पान्यात काईच नाई ना. मीठ नाई, मातीचा गुन नाई. उपाशी पानी हाय ते. उपाशी पान्यात मासोरी कशी जगन?"

देवकाबाईंच्या तोंडी पाण्याचं 'पानी' व्हायचं आणि मासोळीची 'मासोरी'. त्या दिवशी मला दोन्ही शब्द नवे होते आणि सुजल्या तोंडातून आलेले ऐकावे लागत होते, तरी मुद्दा कळला. फार गाळलेल्या पाण्यातून सगळे क्षार निघून जातात. माणूस जेवणातून ते मिळवतो, मासा कुठून मिळवणार? हे मला कॉलेजात कोणी तरी शिकवलंही होतं. पेटी आणताना आठवलं नव्हतं.

खुर्चीत बसवून दाढ पाहिली. आत पू झाला होता. सूज उतरल्याशिवाय काढता येणार नव्हती. मी पाच दिवसांचं औषध लिहून दिलं आणि बजावलं, मध्येच बंद करायचं नाही.

त्यांनी चिठ्ठी कमरेला खोचली. "तुमी मले पाच दिवस सांगतले. आता मी तुमाले पाच दिवस सांगते. उद्या मी पानी घेऊन येते. या पेटीतलं रोज चौथाई पानी बदलवाचं. एकदम सगरं नाई. एकदम चांगलं बी सोसत नाई कोनाले."

पाचव्या दिवशी त्यांची दाढ निघाली आणि माझा तिरका मासा सरळ झाला. दाढ त्यांनी मागून घेतली, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली आणि म्हणाल्या, "एवढुशी तं हाय. आवाज किती करे!"

मग पुढची चौदा वर्षं दर गुरुवारी सकाळी देवकाबाईंची ई-रिक्षा माझ्या दाराशी थांबत राहिली.

ती रिक्षा भंडाऱ्यात सगळ्यांना ओळखू यायची. मागच्या दोन्ही बाकांच्या फळ्या काढून तिथे वीस वीस लिटरचे डबे उभे केलेले असत आणि प्रत्येक डब्याला जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. एक अंजिरी, एक हिरव्या काठाची, एक ठिपक्यांची. उन्हाने पाण्यात हिरवं शेवाळ धरतं, म्हणून डबा झाकलेला हवा. शिवाय आमच्याकडच्या मे महिन्यात खोळ ओली केली की पाणी गार राहतं. हे दोन्ही उपयोग झालेच, पण त्यातून तिसराच उपयोग निघाला. प्रत्येक घराचं लुगडं ठरलेलं होतं. माझ्या दवाखान्याचं होतं आंबा कोयरीचं, देवकाबाईंच्या सासूबाईंचं. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या होत्या आणि त्यांच्या चार लुगड्यांपैकी एक माझ्या वाट्याला आलं होतं. देवकाबाई ते पहिल्यांदा देताना म्हणाल्या होत्या, "बुढी बम कडक व्हती. तिच्या लुगड्यातलं पानी खराब व्हनार नाई. हिंमतच नाई व्हनार."

डबा नेहमी तोंडापर्यंत भरलेला असे. अर्धा डबा त्या न्यायच्याच नाहीत. पाणी कमी लागत असेल तर डबा लहान, पण भरलेला. "अर्धा डबा वाटभर बोंबलते," त्या म्हणत, "आनि हिंदळून हिंदळून झाकनाची सगरी घान आपल्यात घेते." रस्त्यात एखादं मोठ्या आवाजाचं माणूस भेटलं की ते पुढे गेल्यावर त्या माझ्याकडे पाहून नुसतं "अर्धा डबा" एवढंच म्हणायच्या.

वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याला, त्यांचं घर. घरामागे कडुनिंबाच्या सावलीत दोन पांढऱ्या टाक्या. एका टाकीत गावातल्या प्लांटवरून आणलेलं गाळलेलं पाणी, दुसरीत विहिरीचं. तीन हिस्से प्लांटचं आणि एक हिस्सा विहिरीचं मिसळायचं आणि मग दिवसभर तसंच ठेवायचं, आत हवेचे बुडबुडे सोडून. याला त्या 'मुरवणं' म्हणायच्या, लोणच्यासारखं. न मुरलेलं पाणी त्यांनी कोणालाही दिलं नाही. एकदा एक माणूस दाराशी येऊन घाई करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला खाटेवर बसवून चहा पाजला, जेवू घातलं आणि संध्याकाळी चार वाजता पाणी दिलं. तो जेवून पाणी न घेताच निघाला असता, इतका सुस्तावला होता.

डबा भरण्यापूर्वी त्या तोंड आत घालून, डोळे मिटून, एक लांब श्वास घ्यायच्या. हा वास घेण्याचा कार्यक्रम कधी चुकला नाही. पाण्याला हात लावणाऱ्याने साबण लावलेला चालायचा नाही, पावडर चालायची नाही, केसाला वासाचं तेल तर नाहीच. मी हातमोजे काढून त्यांच्याशी बोलायला आले की त्या दोन पावलं मागे सरत. "तुमच्या हाताले दवाखाना लागला हाय, डाक्टरबाई. तथूनच बोला."

हे वासाचं वेड कुठून आलं, ते त्यांनीच मला सांगितलं. कोणाही नव्या गिऱ्हाइकाला त्या ते आधी सांगत, म्हणजे पुढे कोणी वेगळं सांगायला नको.

देवकाबाई ढिवराच्या घरच्या. नवरा गोमाजी नदीत आणि तलावात जाळं टाकायचा, त्या मोहाडीच्या बाजारात मासोळी विकायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाजारातलं दिवसभर बसणं सुटलं आणि त्या गावातल्या पाण्याच्या प्लांटवर डबे धुवायला लागल्या. तिथून भंडाऱ्यातले एक निवृत्त विज्ञानशिक्षक आपल्या माशांसाठी दोन डबे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी तणतणत प्लांटवर आले. त्यांचे सगळे मासे मेले होते. प्लांटवरचे लोक एका सुरात सांगायला लागले, पाणी शुद्ध आहे, कागद पाहा, मशीन पाहा, तुमच्याच पेटीत काही तरी असेल.

देवकाबाईंनी गुरुजींच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि नाक आत घातलं.

"लिंबाचा वास आला मले," त्या सांगत. "आदल्या दिवशी नवीन साबन आनला व्हता, लिंबाचा. डबा चमकला पायजे म्हनून मीच घासला व्हता खूप. धुतला एकच पान्यानं. मंग काय, सगऱ्याइच्या समोर सांगतलं, गुरुजी, डबा मी धुतला. मासोऱ्या मीच मारल्या."

प्लांटवाल्यांना हे आवडलं नाही. त्यांचं काम सुटलं. पण त्या तिथून सरळ गुरुजींच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, मेलेल्या मासोळ्या दाखवा. गुरुजींनी अंगणात पुरल्या होत्या. मग पेटी दाखवा म्हणाल्या. गुरुजींनी पेटी दाखवली, आणि रागाने का होईना, समजावून सांगायला सुरुवात केली. शिक्षकच ते. तीन महिने देवकाबाई आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाऊन शिकल्या. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर गुरुजींनी त्यांना आपल्या हाताने दिलं. देवकाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी आकडे मीटरवर वाचताना त्यांचे ओठ हलायचे आणि आकडा बरोबर आला की त्या मीटरलाच "शाब्बास" म्हणायच्या.

आमच्या ओळखीला वर्ष होत आलं तेव्हा एका गुरुवारी त्यांनी पाण्याच्या डब्याबरोबर स्टीलचा एक डबाही आत आणला. उघडला तर झिंग्यांचं कालवण. वरती तेलाचा तवंग, लसणाचा असा वास की पेशंट दाढदुखी विसरून माना वर करायला लागले. मी माशांच्या पेटीकडे पाहिलं, कालवणाकडे पाहिलं.

"तुम्हाला काही वाटत नाही का हो? इकडे यांना वाचवता आणि तिकडे..."

"काहून वाटन? आमी ढिवर होओ ना. मासोरीवरच जगलो." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पन जिले नाव ठेवलं तिले खात नाई. नाव ठेवलं का सोयरी झाली."

"मी तर नावं ठेवलीच नाहीत यांची."

"मंग ठेवा ना लवकर," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "माहा भरोसा नोका धरू."

त्याच दिवशी मी चौघांची नावं ठेवली.

जीभ मात्र त्यांच्या ताब्यात नव्हती. एका साहेबांच्या बंगल्यावर त्या पाणी द्यायच्या. साहेब मोठे हौशी. माशांना दिवसातून पाच वेळा खायला घालायचे आणि मासे गोळा होऊन तळाशी बसून राहायचे. देवकाबाईंनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, "का हो, असे सुस्त का झालेत हे?" तेव्हा देवकाबाईंनी साहेबांच्या पोटाकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घरचं वळन हाय, साहेब." बंगल्याचं पाणी त्या दिवसापासून बंद. लुगड्याची ती खोळ त्यांनी धुऊन, घडी करून ठेवली. दुसऱ्या कोणाला दिली नाही. "साहेब येतीन," म्हणाल्या, "भूक लागन तवा येतीन."

मोहाडीचं लग्न मात्र मी कधी विसरणार नाही.

रामरतनभाऊ म्हणून माझे एक पेशंट होते, धानाचा व्यापार करायचे. त्यांच्या घरी मोठी काचपेटी होती आणि देवकाबाई तिथेही पाणी पोचवायच्या. त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नाला आम्हा दोघींनाही बोलावणं होतं. मी देवकाबाईंच्या रिक्षातूनच गेले, आठ डब्यांच्या मध्ये पाय आखडून, कारण लग्न लागलं की त्या तिथूनच मोहाडीतल्या घरांना पाणी देणार होत्या.

सजावटवाल्याने स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांच्या मागे भिंतीसारखी काचेची पेटी उभी केली होती आणि तिच्यात चाळीस गोल्डफिश सोडले होते. दिवे लावल्यावर दृश्य खरंच सुरेख दिसत होतं. पाऊण वाजताचा मुहूर्त होता. साडेबाराला आम्ही स्टेजवर नवरीला भेटायला गेलो, तर देवकाबाई नवरीकडे न जाता थेट मागे.

"डाक्टरबाई, इकडे या." आवाज बदललेला. "सगऱ्या वर आल्या पाहा."

चाळीसच्या चाळीस मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून धापा टाकत होते. देवकाबाईंनी बोट बुडवून नाकाशी नेलं. "टँकरचं पानी हाय. दवाई टाकलेलं. सकारीच टाकली असन." पाणी जंतुरहित करायची पावडर. माणसांना चालते, माशांचे कल्ले जाळते.

रामरतनभाऊ घामाने निथळत आले. लग्नात मासे मेले तर लोक काय काय बोलतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "करा काई बी, देवकाबाई. पन मुहूर्त चुकू देऊ नोका."

"डबे हायेत माह्याजवळ. विहीर हाय इथं. भांडे पायजेत. मोठ्ठे, सोच्छ, साबन न लागलेले."

आचारी धावत दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, घेऊन आला. देवकाबाईंनी आत नाक घातलं आणि परत केले. वरणाचा वास. बादल्या आल्या. फिनेलचा वास. पाच मिनिटं गेली. मग त्यांची नजर मांडवाच्या उजव्या बाजूला गेली. तिथे टेबलांवर आंदण मांडलं होतं. नवे कोरे गंज, कळशीसारखे गुंड, टोप, पराती, सगळ्यांवर कंपनीचा कागद अजून चिकटलेला.

"ते."

नवरीची मावशी आडवी झाली. "आंदणाच्या भांड्यात मासोळ्या? वरपक्षासमोर? काही रीतभात आहे की नाही?"

देवकाबाई काही बोलणार इतक्यात स्टेजच्या कडेवरून बाशिंग बांधलेली पल्लवीच ओरडली, "मावशी, भांडे माहेच हायेत ना? मंग देऊन टाक व त्याइले!"

पल्लवीचे होणारे सासरे करडी गावचे शेतकरी, उंच, शांत माणूस. तोवर ते बाजूला उभे राहून सगळं पाहत होते. त्यांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "आता हे आमचेच भांडे झाले. चला, उचला."

मग जे सुरू झालं ते मी कोणत्या लग्नात पाहिलेलं नाही. विहिरीपासून स्टेजपर्यंत दोन्ही पक्षांची माणसं रांगेत उभी राहिली. देवकाबाईंनी भांडी निवडली. स्टीलची घेतली, तांब्या-पितळेची बाजूला. "तांब्यातलं मानसानं प्यावं, मासोरीनं नाई. तांबा मारते तिले." रिक्षातून लुगडी नेसलेले डबे आले. प्रत्येक भांड्यात आधी डब्यातलं पाणी, मग विहिरीचं, मग देवकाबाईंचं मनगट. गरम वाटलं तर आणखी थोडं विहिरीचं. मग त्या स्वतः स्टेजवर चढल्या, नवीन हिरव्या पातळाचा पदर खोचून, आणि सजावटवाल्याची जाळी घेऊन एकेक मासा काढायला लागल्या.

भटजींनी तिकडे मंगलाष्टकं सुरू केली. मुहूर्त थांबणार नव्हता. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी आणि त्यांच्यामागे स्टेजभर गंजांमध्ये गोल्डफिश. अक्षता वाटल्या गेल्या. पहिलं 'शुभमंगल' झालं आणि अक्षतांचा वर्षाव होणार तोच देवकाबाईंनी हातातली जाळी उंच केली.

"इकडे फेकाचं नाई! तांदूर पान्यात पडले तं पाहा! तिकडूनच, नवरदेवाच्या बाजूनं!"

तीनशे माणसांनी ऐकलं. सगळ्या अक्षता एकाच बाजूने आल्या आणि बिचाऱ्या नवरदेवाच्या कानात, कॉलरमध्ये, बाशिंगाच्या झिरमिळ्यांत तांदूळच तांदूळ. तो इतका हसायला लागला की हार घालायचा राहूनच जात होता. पल्लवी हसत होती, सासरे ओल्या धोतरात हसत होते. आडवी आलेली मावशी एक गुंड दोन्ही हातांनी सांभाळत उभी होती, आणि कोणी जवळ आलं की म्हणत होती, "धक्का देऊ नका हो, आत दोन आहेत."

चाळीसातले अडतीस वाचले. पल्लवीने दोन सासरी नेले आणि बाकीचे पाहुण्यांना वाटून टाकायचं ठरलं. पण देवकाबाईंनी जेवायला बसण्याआधी प्रत्येक घेणाऱ्याला समोर उभं करून विचारलं, पाणी कोणतं, किती, कधी बदलायचं. उत्तर चुकलं की पिशवी परत. तीन शिक्षक आणि एक सरपंच नापास झाले. सरपंच दुसऱ्यांदा रांगेत लागून पास झाले.

देवकाबाईंचं नाव त्या दिवसापासून मोहाडीपासून करडीपर्यंत झालं. पण मला त्या खऱ्या कळल्या त्या पुराच्या दिवसांत.

त्या पावसाळ्यात वैनगंगा अशी चढली की पूल बंद झाला. कारधा तिकडे, आम्ही इकडे. वीजही गेली. सकाळी आठ वाजता माझा फोन वाजला.

"डाक्टरबाई, लाइन गेली ना? मंग मासोऱ्याइचा हवेचा पंप बंद असन. घाबरू नोका. एक स्टीलचा गिलास घ्या. पेटीतलंच पानी उचला आनि हातभर वरून त्यातच ओता. पन्नास येळा. मंग तासाभरानं अजून पन्नास. आनि खायले काई देऊ नोका. उपाशी नाई मरत त्या, हवेबिगर मरतात."

"तुमच्याकडे पाणी आलंय का?"

"आलं हाय थोडंसं. तुमी मोजा पन्नास."

मी मोजले. दवाखाना बंदच होता. दोन दिवस मी, माझा नवरा आणि आमची मुलगी पाळीपाळीने पेला उचलत होतो. नंतर कळलं की त्या दोन दिवसांत भंडाऱ्यातली तीसेक घरं हेच करत होती. कुठे आजोबा पेला ओतत रेडिओ ऐकत होते, कुठे भांडणारे दोन भाऊ आळीपाळीने ओतता ओतता बोलायला लागले होते. दर तीन तासांनी देवकाबाईंचा फोन यायचा. "पोहून रायल्या? बरं."

तिसऱ्या दिवशी पूल सुटला आणि आम्ही कारध्याला गेलो. गोमाजी दारात फावड्याने चिखल ओढत होते. भिंतीवर छातीपर्यंत पाण्याची रेघ होती. कणगीतले तांदूळ भिजले होते. कडुनिंबाखालच्या दोन्ही पांढऱ्या टाक्या आडव्या, गाळाने भरलेल्या. 'थोडंसं' पाणी ते हेच.

"आमी शाळेत व्हतो दोन दिवस, सगरं गाव," गोमाजी म्हणाले. "हे रिक्षा उंचावर नेली व्हती हिनं. तिच्याच ब्याटरीवर फोन चार्ज करे आनि गिराइकाइच्या वहीतले नंबर लावे. मी म्हटलं, बुढे, आपलं घर बुडून रायलं आनि तू कोनाच्या मासोऱ्या वाचवून रायली? तं काय म्हनते माहीत हाय?"

देवकाबाई आतून ओली गादी ओढत बाहेर येत होत्या. "काय म्हटलं मंग? खरंच तं म्हटलं. घराले फोन लावता येत नाई."

मी ती वही मागून घेतली. मी परत आले आणि त्या वहीतल्या लोकांना मीच फोन लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारध्याच्या त्या अंगणात तीस घरांतली माणसं होती. गुरुजी, पंचाहत्तरीचे, खुर्चीवर बसून झाकणं पुसत होते. पल्लवी आणि तिचा नवरा तांदळाचं पोतं घेऊन करडीहून आले होते. आणि अर्ध्या चड्डीत, गाळाने माखलेले, टाकीत शिरून गाळ उपसणारे गृहस्थ कोण म्हणून पाहिलं, तर बंगल्याचे साहेब. त्यांना कोणी बोलावलं होतं ते मला अजून माहीत नाही. मी बोलावलं नव्हतं.

कोणीतरी उत्साहाने साबणाची वडी काढली.

"साबन नाई!" खाटेवरून आरोळी आली. "मीठ घ्या! नुसतं मीठ आनि पानी!"

मिठाने टाक्या घासल्या. बारा पाण्यांनी धुतल्या. शेवटी देवकाबाई खाटेवरून उठल्या, गुडघे सावरत टाकीपाशी गेल्या, डोकं आत घातलं आणि लांब श्वास घेतला. डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे भरलेले होते. "काईच वास नाई," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसून लगेच साहेबांकडे वळल्या. "साहेब, बारीक झाले. मासोऱ्या बी झाल्या काय?"

मागच्या वर्षी मी दवाखाना बंद केला. मुलगी नाशिकला, नवरा निवृत्त, तिकडेच राहायचं ठरलं. पेटीचं काय करायचं हा प्रश्न देवकाबाईंनीच सोडवला. करडीच्या अंगणवाडीतल्या बाईंना मासे हवे होते. निघण्याच्या आदल्या सकाळी त्या आल्या. आम्ही दोघींनी निम्मं पाणी डब्यांत भरलं, मासे दोन पिशव्यांत घेतले. ते माझे पहिले मासे नव्हते अर्थात, त्यांच्या नंतरच्या पिढ्या होत्या, पण नावं मी तीच ठेवत आले होते. पिशव्या देवकाबाईंनी मला मांडीवर धरायला लावल्या आणि रिक्षा इतकी सावकाश चालवली की करडीच्या रस्त्यावर दोन सायकली आणि धानाचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेल्या.

अंगणवाडीत पेटी भिंतीशी, बुटक्या चौरंगावर मांडली, पोरांच्या उंचीला. पाणी भरलं. पिशव्या तशाच बंद करून वर तरंगत ठेवल्या, आतबाहेरचं पाणी सारखं गार होईस्तोवर. वीस पोट्टे भोवती गोळा झाले आणि पिशव्यांना बोटं लावायला लागले.

"सोडा ना व, आजी!"

"आत्ता नाई. पाहुने आले का लगेच नाचवतेस काय त्याइले? बसू दे जराशा."

पंधरा मिनिटं ती पोरं बसली. कशी बसवली ते मला सांगता येणार नाही. देवकाबाई काही गोष्ट सांगत नव्हत्या, दटावत नव्हत्या. त्या स्वतः गप्प बसून पाहत होत्या, म्हणून तीही पाहत होती. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली, थोडं थोडं पेटीतलं पाणी आत घेतलं आणि पिशवी हळूच कलती केली. पहिला मासा बाहेर आला. पोरांचा एकच "आऽऽ" झाला.

मला ट्रक भरायला परत जायचं होतं. मला न्यायला आलेली गाडी बाहेर हॉर्न देत होती. मी अंगणवाडीच्या बाईंचा निरोप घेतला, चपला घातल्या आणि दारातून देवकाबाईंना हाक मारावी म्हणून वळले.

पोरं जमिनीवर पालथी पडून, हनुवटीखाली हात घेऊन काचेतून पाहत होती, शेजारी शेजारी, गव्हाच्या ओंब्यांसारखी ओळीने. आणि त्यांच्या मधोमध देवकाबाई. पासष्टीच्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या देवकाबाई तशाच पालथ्या, पाय मागे वर केलेले, घोटे एकमेकांवर टाकलेले, आणि नाक काचेला चिकटलेलं. शेजारच्या एका चिमुरडीने त्यांच्या अंबाड्यावर आपला हात टेकवला होता.

"तो काय करून रायला, आजी?" तिने विचारलं.

"तुले पाहून रायला," देवकाबाई म्हणाल्या. "हलू नोको."

मी हाक मारली नाही.